लोणंदला पोचणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या बातम्या

माझे वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि लोणंदला घर बांधून राहिले. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. मी लग्न होऊन सांगलीला आले. विश्रामबागेत राहते आणि जवळच्याच एका महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरी करते. धाकटा भाऊ ऑस्ट्रेलियात आहे. ऑस्ट्रेलिया म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठमोठी शहरं येतात, पण तो तसल्या शहरात राहत नाही. आतल्या भागात, जिथं नजर पोचेल तिथवर गव्हाचं रान आणि मेंढ्या, अशा एका लहान गावात तो वृद्धांच्या निवासात काम करतो. ज्यांचं स्वतःचं स्वतःला होत नाही अशा म्हाताऱ्यांचं सगळं करायचं, हे त्याचं काम. आण्णा लोणंदमध्ये सांगताना एवढंच सांगायचे, की मुलगा तिकडं दवाखान्यात आहे.

आई गेली ते महामारीचं वर्ष होतं. आजार तो नव्हता, हृदय बंद पडलं. पण त्या देशाची दारं तेव्हा लावलेली होती. भावाला तिथं सांगितलं होतं, निघालास तर परत येऊ देणार नाहीत. त्यानं दोन दिवस जिथं तिथं फोन करून पाहिले आणि मग मला म्हणाला, "आक्का, मला फोनवर तरी बघू दे." म्हणून स्मशानात मी हातात फोन धरून उभी होते. त्याचा चेहरा त्या छोट्या चौकटीत दिसत होता. मागं पांढरी भिंत आणि एक रिकामी खुर्ची. अग्नी द्यायच्या आधी आण्णांनी वळून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बंद कर त्यो."

मी बंद केला. त्या क्षणी त्यांच्याशी वाद घालावा असं ते ठिकाण नव्हतं.

त्यानंतर भाऊ आणि आण्णा यांच्यात बोलणं राहिलं नाही असं म्हणता येणार नाही. दर रविवारी सकाळी भाऊ आम्हा दोघांना एकत्र व्हिडिओ कॉल लावायचा. तिकडं तेव्हा दुपार झालेली असायची. आण्णा विचारायचे, "बरं हाय न्हवं?" तो म्हणायचा, "व्हय. तुमी?" "हाय." मग दोघंही माझ्या बोलण्याची वाट बघायचे. मी सांगलीतल्या पावसाचं, भाजीच्या भावाचं, माझ्या मुलीच्या परीक्षेचं काहीतरी बोलायचे आणि फोन संपायचा. आईचा विषय कुणीच काढायचं नाही. असं वर्षभर, कदाचित त्याहून जास्त चाललं.

मग एका रविवारी भाऊ कॉलवर उशिरा आला. डोक्यावर सायकलचं हेल्मेट होतं आणि त्याला चारी बाजूंनी प्लास्टिकच्या पट्ट्या उभ्या बांधलेल्या होत्या, साळिंदराच्या काट्यांसारख्या. आण्णा फोन जवळ नेत म्हणाले, "हे काय रं घातलंस?"

"पक्षी मारतोय आण्णा."

"कोन?"

भावानं सांगितलं. तिथं कावळ्याएवढा एक काळा-पांढरा पक्षी असतो. अंड्यावर बसायचे दिवस आले की नर रस्त्यावरच्या माणसांवर मागून झडप घालतो, त्यातही सायकलवाल्यांवर जास्त. पोस्टमन, शाळेची मुलं, कुणालाच सोडत नाही. कुठल्या रस्त्यावर पक्षी बसलाय याचा लोक नकाशा करून एकमेकांना पाठवतात. नगरपालिका पाट्या लावते, पण पक्ष्याला कुणी काही करत नाही. कायद्यानं त्याला हात लावता येत नाही.

"मग मानसं काय करत्यात?" आण्णांनी विचारलं.

"दुसऱ्या रस्त्यानं जात्यात."

"एका पक्ष्यासाठी?" आण्णा म्हणाले आणि त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले. घरटं किती उंचावर असतं, पिल्लं उडायला किती दिवस लागतात, माणूस ओळखतो का तो. त्या दिवशी कॉल बराच चालला. मी मध्ये बोललेसुद्धा नाही.

कांद्याच्या बाजाराजवळ एक चहाची टपरी आहे. आण्णांच्या वयाची चार-सहा माणसं तिथं रविवारी बसतात. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका त्यांत आहेत. आण्णांचं त्यांच्याशी जास्त जमतं. आण्णांनी पक्ष्याची बातमी तिथं नेली. पुढच्या रविवारी काकांनीच विचारलं, "आज काय म्हनतंय आस्ट्रेलिया?" तेव्हापासून भावाला दर आठवड्याला काहीतरी घेऊन यावं लागायचं. एकदा दुकानातल्या पालेभाजीच्या पिशवीत जिवंत साप निघाला होता. एका गावानं तीन मजली उंच सिमेंटचा मेंढा बांधला होता आणि लोक त्याच्या पोटात शिरून डोळ्यांतून बाहेर बघत होते. मत दिलं नाही तर तिथं दंड होतो आणि मत देऊन बाहेर आलं की शाळेच्या अंगणात पावात घालून भाजलेलं सॉसेज विकायला ठेवलेलं असतं, हेही त्यानं एकदा सांगितलं. टपरीवर त्यावर बराच खल झाला. एकजण म्हणाला, आपल्याकडं मताच्या आधीच जेवण असतं. आण्णांना ते आवडलं नाही. "हसण्यावारी नेऊ नगा," ते म्हणाले, "दंड भरावा लागतो म्हनून का हुईना, समदी मानसं जात्यात."

म्हातारा आमच्या बोलण्यात आला तो मगरीमुळं.

भाऊ ज्या निवासात काम करायचा तिथं एक फार तिरसट म्हातारा होता. त्याचं नाव भावानं आम्हाला कधीच सांगितलं नाही. तसा तिथला नियम आहे. त्यामुळं तो आमच्याकडं म्हाताराच राहिला. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला चालायचं नाही, भावाचा चालायचा, का ते त्यालाच ठाऊक. एकदा सकाळी त्याचे पाय पुसताना भाऊ त्याला म्हणाला, आमच्या सांगलीच्या नदीत मगरी आहेत आणि पूर आला की त्या रस्त्यावर येतात.

"आण्णा, म्हातारा काय म्हनला म्हायतीय? म्हनला, चूक. मगर रस्त्यावर येत न्हाई. तुमचा रस्ता मगरीच्या वाटंत गेलाय."

आण्णांनी मान डोलावली. मग म्हणाले, "डोकं हाय त्याला. काय करत हुता आधी?"

"शेती. गहू आन मेंढ्या."

"रान किती?"

"लोणंदपासनं तरडगावापर्यंत धरा."

"एका मानसाचं?"

"एका मानसाचं. पन पाऊस न्हाई आण्णा. आपल्या माणासारखं."

माणदेश म्हटल्यावर आण्णांना सगळं समजलं. त्यांची आई माणातली होती. त्या रविवारी त्यांनी पहिल्यांदा भावाला सांगितलं, "त्या म्हाताऱ्याला माझा रामराम सांग."

तिथून पुढं बातम्या दोन्ही बाजूंनी जाऊ लागल्या. आण्णा आठवडाभर वर्तमानपत्र निराळ्या नजरेनं वाचायला लागले. म्हाताऱ्याला सांगण्यासारखं काय आहे, हे ते बघत असायचे. कराडकडं उसाच्या फडात बिबट्याची मादी राहते आणि तोडणी सुरू झाली की तिची पिल्लं सापडतात. वाईजवळ एका घरात लग्नाच्या दिवशी माकडानं नवऱ्या मुलाचा फेटा पळवला. भाऊ सोमवारी सकाळी म्हाताऱ्याचं आवरताना त्याला हे सांगायचा आणि म्हाताऱ्याचं उत्तर रविवारी आमच्याकडं यायचं. उत्तराची सुरुवात ठरलेली असायची. चूक. बिबट्या उसात राहायला आला नाही, तुम्ही त्याच्या गवताच्या जागी ऊस लावला. चूक. माकडाला फेटा नको होता, त्याला नवरा आवडला नाही.

फार पूर्वी त्या देशात इमू पक्ष्यांनी गव्हाची नासधूस चालवली म्हणून सरकारनं सैन्य पाठवलं होतं, मशीनगन देऊन, आणि सैन्य हात हलवत परत आलं, ही गोष्ट म्हाताऱ्यानंच पाठवली. आण्णांचा विश्वास बसला नाही. त्यांनी मला फोन करून विचारलं, खरं आहे का बघ. खरं होतं. मग पुढचे चार दिवस ते त्याचाच विचार करत होते. त्यांचं उत्तर असं होतं, की पक्षी एकत्र राहिले असते तर मेले असते; ते पांगले, म्हणजे त्यांनी बरोबर केलं, आणि ज्या अधिकाऱ्यानं पांगणाऱ्या लक्ष्यावर मशीनगन लावली त्याची चौकशी व्हायला पाहिजे होती. म्हाताऱ्याचा निरोप आला: चूक. चौकशी झाली असती तर त्याला बढती मिळाली असती. यावर आण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

सगळ्याच बातम्या हसण्यासारख्या नव्हत्या. एक वेळ अशी आली की तिकडच्या मोठ्या शहरांत बाहेरून आलेल्या लोकांविरुद्ध मोर्चे निघाले. आपल्याकडच्या वाहिन्यांवर ते दिसलं. आण्णांनी त्या रविवारी दुसरं काही बोलूच दिलं नाही.

"तुला कोन काय बोललं का?"

"न्हाई आण्णा. हे लांब शहरात हाय."

"म्हातारा काय म्हनतोय?"

"म्हातारा म्हनला, बाहेरची मानसं लय झाल्यात ह्या देशात."

"तुला म्हनला?"

"मी त्याच्या बुटाची नाडी बांधत हुतो, तवा."

"मग तू काय म्हनलास?"

"मी म्हनलो, दुसरा पाय पुढं करा."

आण्णांचा चेहरा उतरला. मला वाटलं, हे आता संपलं. तो रविवार तसाच गेला. आण्णा टपरीवर गेले नाहीत. पुढच्या रविवारी मात्र त्यांनी निरोप तयार ठेवला होता. "त्याला इचार," ते म्हणाले, "माझं पोरगं माघारी आलं तर त्याची नाडी कोन बांधंल."

भावानं तो निरोप खरंच दिला. त्याला तो द्यावासा वाटला असावा. म्हातारा म्हणाला, चूक, मी तुझ्याबद्दल बोलत नव्हतो. मग कुणाबद्दल, असं भावानं विचारलं. संध्याकाळी अंथरुणावर घेतल्यावर म्हाताऱ्यानं डोळे मिटूनच सांगितलं, "टीव्हीवरच्या लोकांबद्दल."

आण्णांनी हे ऐकून घेतलं. "हितंबी असंच हाय," एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी कांद्याच्या भावाची बातमी सांगितली आणि बोलणं पुन्हा सुरू झालं.

त्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढलं. विश्रामबागेत आमच्या घरापर्यंत ते आलं नाही, पण नणंद नदीजवळच्या गावभागात राहते. तिचं घर रिकामं करून सगळे आमच्याकडं आले. दिवसभर टीव्ही चालू आणि प्रत्येकाच्या हातात फोन, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट झालं एवढंच बघणं. भावाचा रोज फोन यायचा. तो म्हणाला, म्हातारा सकाळी डोळे उघडले की आधी नदीचं विचारतो. त्याच्या तरुणपणी एका पुरात त्याच्या मेंढ्या कुंपणाला अडकून मेल्या होत्या. कुंपण त्यानंच घातलेलं. हे त्यानं त्याआधी कुणाला सांगितलं नव्हतं, निदान भावाला तरी नाही. पाणी उतरायला लागलं तेव्हा माझ्यासाठी त्याचा निरोप आला: बहिणीला सांग, पाणी गेलं की लगेच घरात शिरू नका. आधी साप बाहेर पडू देत.

नणंदेचे यजमान घाई करत होते. मी त्यांना थांबवलं. ऑस्ट्रेलियातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलंय, असं सांगणं मला अवघड गेलं, पण सांगितलं. आम्ही एक दिवस थांबलो. साप खरंच होते की नाही, कळलं नाही. चिखल होता, फुगलेली कपाटं होती, भिंतीवर पाण्याची रेघ होती. खराटा आणि फावडं घेऊन आम्ही कामाला लागलो.

गणपती झाले आणि एका दुपारी कार्यालयात डबा खाताना मला भावाचा फोन आला. आठवड्याच्या मधल्या दिवशी तो कधी फोन करत नाही. मी डबा बाजूला सरकवला.

"आक्का, म्हातारा गेला."

कुणाचं सांत्वन करायचं, तेच समजत नव्हतं.

"आण्णांना सांगू नको," तो म्हणाला.

"का रे?"

"आठवडाभर त्याच्यासाठी बातम्या गोळा करत्यात ते. आईनंतर पहिल्यांदा..." पुढं त्यानं वाक्य पुरं केलं नाही. "मी बघतो काय करायचं ते."

त्यानं काय केलं, तर म्हाताऱ्याची उत्तरं स्वतःच द्यायला सुरुवात केली. आण्णा बातमी सांगायचे, तो पुढच्या रविवारी उत्तर आणायचा. मला ते ऐकवत नव्हतं, पण मी गप्प राहिले. त्याची उत्तरं वाईट नव्हती. त्यांत फक्त तो म्हातारा नव्हता. कोयनानगरला भूकंपाचा एक हलका धक्का बसला होता. पाटणकडं लोक घराबाहेर आले होते. आण्णांनी ते सविस्तर सांगितलं. धरण आहे, माणसं अशा धक्क्यांना सरावली आहेत, पण आण्णांच्या पिढीला मोठा भूकंप आठवतो. भावानं उत्तर आणलं: "म्हातारा म्हनला, काळजी घ्या."

आण्णा "बरं" म्हणाले.

त्याच्या पुढच्या रविवारी मी लोणंदला होते. शनिवारी सांगलीहून गाडीनं गेले होते. आण्णा आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो, फोन समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. आण्णांनी मागच्या वेळी सांगितलं होतं की तिकडच्या सरकारनं लहान मुलांना मोबाइलवरच्या समाजमाध्यमांवर जायला बंदी केली ते बरोबर केलं, आपणही करायला पाहिजे.

"काय म्हनला त्यो?" आण्णांनी विचारलं.

"म्हनला, बरोबर हाय तुमचं."

"काय?"

"म्हनला, आण्णा बोलत्यात ते बरोबर हाय."

आण्णांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं काचा पुसल्या. चष्मा परत घातला नाही.

"कवा गेला?"

भावाच्या मागं तीच पांढरी भिंत होती.

"मी इचारतोय, कवा गेला त्यो?"

"गणपती झाल्यावर. आण्णा, मी तुमाला सांगनार हुतो..."

"तरास झाला का त्याला?"

"न्हाई. शेवटी झोपूनच हुता."

"जवळ कोन हुतं?"

"मी हुतो."

मग भावानं सांगितलं. म्हाताऱ्याची एकुलती एक मुलगी इंग्लंडला असते. तिला निरोप गेला, तिनं विमानाचं तिकीटही काढलं, पण म्हातारा तेवढं थांबणार नाही हे दिसत होतं. तिनं विचारलं, मला फोनवर बघू द्याल का. भावाची ड्यूटी संपली होती. तो घरी गेला नाही. खुर्ची ओढून अंथरुणाजवळ बसला, एका हातात म्हाताऱ्याचा हात आणि दुसऱ्या हातात फोन. मुलगी बोलत होती, लहानपणीचं काहीबाही. म्हाताऱ्याला ऐकू जात होतं की नाही, माहीत नाही. हात भरून आला की भाऊ फोन दुसऱ्या हातात घ्यायचा.

"त्यो गेल्यावरबी ती म्हनली, अजून थोडा वेळ ठेवा. म्हनून ठेवला," भाऊ म्हणाला. "मी बंद केला न्हाई, आण्णा."

तो हे टोचून बोलला नाही. जे घडलं ते सांगत होता. पण खोलीतली हवा बदलली ती मला कळली, आणि त्यालाही कळली असणार, कारण तो लगेच खाली बघायला लागला.

आण्णांनी तांब्याला टेकवलेला फोन सरळ केला.

"तुज्या आईच्या टायमाला मी बंद करायला लावला," ते म्हणाले. "हितं आमी एवढी मानसं हुतो. एकानं दुसऱ्याला धरलं हुतं. तू तिथं एकटा. तुज्या मागं नुसती भिंत दिसत हुती. मला वाटलं, आग लागताना ह्यानं बघितलं, खाली बसला, तर त्याला धरनार कोन? म्हनून म्हनलो बंद कर."

"मला वाटलं तुमी रागावलाय. मी आलो न्हाई म्हनून."

"राग कसला रं? येनार कसा हुतास तू?"

"मला बघायचं हुतं, आण्णा."

"व्हय," आण्णा म्हणाले. "माझं चुकलं तवा."

भाऊ रडला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. स्मशानातल्या त्या चौकटीतही तो रडला नव्हता. आण्णांनी फोन तांब्यावरून उचलला आणि दोन्ही हातांत धरला. नुसता धरून बसले. मी उठून आत गेले आणि चहाचं आधण ठेवलं. आई असती तर तिनंही तेच केलं असतं असं मला वाटलं.

त्या दिवशी आण्णा टपरीवर गेले आणि म्हातारा गेल्याचं त्यांनी सांगितलं. मी सोबत होते. कुणी काही विनोद केला नाही. एकानं विचारलं, जाळतात की पुरतात. आण्णांना माहीत नव्हतं. रेल्वेवाले काका म्हणाले, "वय झालं हुतं न्हवं?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

जानेवारीत भाऊ रजा घेऊन आला. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. मीही त्या दिवसांत लोणंदला येऊन राहिले होते. आल्या आल्या तिच्या फोटोसमोर तो किती वेळ बसला, ते मी लिहीत नाही. दोन-तीन दिवसांनी आण्णा त्याला टपरीवर घेऊन गेले. लोकांना त्याच्या तोंडून बातम्या ऐकायच्या होत्या, पण त्याआधी काकांनी सहज विचारलं, "दवाखान्यात म्हंजे नेमकं काय करता तुमी? डाक्टर का?"

भाऊ उत्तर देणार तेवढ्यात आण्णाच बोलले. "डाक्टर न्हाई. म्हाताऱ्या मानसांना उठवतो, बसवतो, न्हाऊ घालतो, हगलं-मुतलं काढतो. ते काम करतो त्यो."

भावानं आण्णांकडं पाहिलं. आण्णा बशीतला चहा पीत होते.

त्याच दिवशी दुपारी काका आमच्या घरी आले. चप्पल काढून दारातच उभे राहिले. त्यांची बायको अर्धांगवायूनं बरेच महिने अंथरुणाला खिळून होती. ते आम्हाला माहीत होतं. तिच्या पाठीला जखम झाली होती, ते माहीत नव्हतं. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. "मलम लावतोय," ते म्हणाले, "पन वाढतच चाललंय. सून बिचारी करती, पन तिलाबी कळत न्हाई. तुमी जरा बघता का?"

आम्ही तिघं गेलो. आतल्या खोलीत ती माउली उताणी पडलेली होती, डोळे छताला. खिडकी बंद, आणि जखमेचा वास येत होता. भावानं आधी खिडकी उघडायला लावली. मग तिच्या उशाशी खाली बसला आणि तिच्या डोळ्यांसमोर तोंड आणून म्हणाला, "काकू, मी हवालदारांचा मुलगा. आता तुमाला डाव्या कुशीवर घेनार हाय. दुखलं तर डोळे मिटा, मी थांबीन." तिचं बोलणं गेलं होतं, पण ऐकत होती. त्यानं सुनेला शेजारी घेतलं. गुडघा कसा दुमडायचा, खांद्याखाली हात कुठं घालायचा, ओढायचं नाही तर वळवायचं, पाठीमागं उशी कशी लावायची, दोन-दोन तासांनी कूस कशी बदलायची, सगळं त्यानं करून दाखवलं आणि मग तिच्याकडून करून घेतलं. जखम पाहून म्हणाला, हे मलमानं भागायचं नाही, उद्या साताऱ्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवू, मी येतो.

आण्णा दारात उभे होते. आयुष्यभर हुकूम घेतलेला आणि दिलेला माणूस, त्या खोलीत त्यांना काय करावं कळत नव्हतं. भावानं न बघताच म्हटलं, "आण्णा, तेवढी उशी द्या." त्यांनी दिली.

रजा संपेपर्यंत भाऊ रोज सकाळी त्या घरी जात होता. साताऱ्याला डॉक्टरांनी जखम साफ केली, हवेची गादी सांगितली. काकू बऱ्या झाल्या नाहीत, तशा त्या होणारही नाहीत. पण पाठीची जखम हळूहळू भरत आली, आणि सुनेला आता सगळं येतं. पुढं त्याच गल्लीतून आणखी एका घरातून बोलावणं आलं, तिथं सूनच गेली दाखवायला.

भाऊ परत गेला. रविवारचा कॉल चालू आहे. आता काका त्या वेळेला आमच्या घरी येऊन बसतात, आण्णांच्या शेजारी. काकूंनी आठवड्यात काय खाल्लं, पायाला सूज आहे का, रात्री कण्हतात त्याला काय करावं, हे सगळं आधी विचारून होतं. भाऊ एकेकाचं उत्तर देतो. कधी म्हणतो मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारा. मी सांगलीहून ऐकत असते. ते झालं आणि वेळ उरला, तर आण्णा विचारतात, तिकडं आणखी काय चाललंय.